रफरायडर्सचे मोठे खेळाडू कोण, हे घरबसल्या कसं समजून घ्यायचं

आपल्याकडची पोरं आता कॅनडातल्या रिजायना, सस्कॅटूनकडं बी शिकायला जायलेत, आणि तिकडं उतरल्यावर त्यांना पहिल्या आठवड्यातच दिसतं ते म्हणजे हिरवं टी-शर्ट, कुणाच्या पाठीवर ३४, कुणाच्या २३, म्हातारी माणसं बी तेच घालून दुकानात आलेली. मग पोरं घरी फोन करून विचारतेत की मामा हे काय हाय, हे ३४ नंबरवाला कोण. हे त्यांच्यासाठी लिहितोय, आणि लातूर, नांदेड, परभणीत बसून मोबाईलवर हा खेळ बघायची इच्छा असलेल्यांसाठी पण. टीम एकच घेऊ, सस्कॅचवान रफरायडर्स, कॅनेडियन फुटबॉल लीगमधली म्हणजे सीएफएलमधली.

हीच टीम का, तर तो मुलूख आपल्याला कळण्यासारखा आहे. सपाट जमीन, शेती, आणि पावसाकडं डोळे. लातूरच्या डाळ मिलवाल्यांना कॅनडाची मसूर आणि पिवळा वाटाणा माहीतच आहे, कॅनडाची बहुतेक मसूर याच सस्कॅचवानात पिकते. राज्य आकारानं आपल्या अख्ख्या महाराष्ट्राच्या दुपटीपेक्षा मोठं पण माणसं साधारण बारा लाख. तेवढ्या लोकांची एकच टीम, आणि तिला कोणी शेठ मालक नाही, ती लोकांचीच आहे, लोकांनी शेअर घेतलेत ज्याच्यावर एक रुपया पण नफा मिळत नाही. म्हणून तिकडं खेळाडू मोठा कोण याचा हिशोब पण लोकांचा वेगळा आहे, आणि तो नुसते आकडे वाचून कळत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मोठा खेळाडू शोधताना तीन गोष्टी बघा, त्याचं मैदानावरचं काम काय होतं, कप कुठल्या वर्षी आला तेव्हा तो कुठं उभा होता, आणि टीम हरत होती त्या वर्षांत तो थांबला का निघून गेला. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि यादी बनवणारे लोक नेमकी तीच सोडतेत.

सुरुवातीला खेळ थोडासा समजून घ्या, सगळे नियम पाठ करायची गरज नाही. एका बाजूनं १२ खेळाडू, अमेरिकेत ११ असतेत. बॉल हातात घेऊन किंवा फेकून पुढं न्यायचा, दहा यार्ड पुढं जायला तीनच चान्स, अमेरिकेत चार मिळतात. मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद, अमेरिकेपेक्षा मोठं. तीनच चान्स असल्यामुळं दोन चुकले की तिसऱ्याला बहुतेक वेळा बॉल लाथेनं लांब मारून समोरच्याला द्यावा लागतो, म्हणून इथं बॉल फेकणारा म्हणजे क्वार्टरबॅक आणि बॉल मारणारा किकर या दोघांचं वजन लई असतं. बॉल घेऊन पळणारा तो रनिंग बॅक, फेकलेला बॉल झेलणारा तो रिसीव्हर, आणि क्वार्टरबॅकच्या पुढं भिंत करून उभे राहणारे पाच जण म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. समोरची टीम हे सगळं मोडायला येते ती डिफेन्स. एवढं डोक्यात राहिलं तरी पुढचं सगळं कळतं.

आता एक वही घ्या आणि त्यात पाच वर्षं मोठ्या अक्षरात लिहा: १९६६, १९८९, २००७, २०१३, २०२५. या पाच वर्षी रफरायडर्सनी ग्रे कप जिंकला, ग्रे कप म्हणजे या लीगची फायनल, आणि कपाचं पण नाव तेच. टीम सुरू झाली १९१० ला, तेव्हा रिजायना रग्बी क्लब म्हणून, म्हणजे पहिला कप यायला ५६ वर्षं लागली. मग दुसऱ्या रंगाच्या पेननं हरलेल्या फायनल लिहा, पहिली १९२३, मग १९२८ ते १९३२ सलग पाच वर्षं फायनलला जाऊन हरले, पुढं १९३४, १९५१, १९६७, १९६९, १९७२, १९७६, १९९७, २००९, २०१०. हे दोन रंग एका पानावर आले की टीमचा स्वभाव दिसायला लागतो. जिंकलेल्या वर्षांपेक्षा हरलेली जास्त आहेत, आणि तरी माणसं तीच टीम धरून आहेत. मग प्रत्येक वर्षासमोर चारच प्रश्न विचारायचे, बॉल कोणी फेकला, कोण पळालं, समोरच्याला कोणी अडवलं, आणि शेवटी कोणाच्या हाता-पायावर मॅच आली.

१९६६ समोर दोन नावं येतात आणि ती सुटी सुटी कधी वाचायची नाहीत, रॉन लँकेस्टर आणि जॉर्ज रीड. दोघं १९६३ ला एकाच वर्षी टीममध्ये आले, दोघं अमेरिकन. लँकेस्टर उंचीला कमी होता, त्याला लिटिल जनरल म्हणायचे. तो आधी ओटावाला होता, तिथं रस जॅक्सन नावाचा कॅनेडियन क्वार्टरबॅक इतका भारी होता की दोघांना एका टीममध्ये ठेवणं जमेना, मग ओटावानं याला फक्त ५०० डॉलरला सस्कॅचवानला देऊन टाकलं. त्याच वर्षी त्यानं काय केलं बघा. तेव्हा प्लेऑफमध्ये दोन मॅचचे पॉइंट एकत्र धरायचे, पहिली मॅच कॅलगरीत ३५-९ अशी हरले, म्हणजे २६ पॉइंटची पिछाडी, सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि रिजायनाला टेलर फील्डवर दुसरी मॅच ३९-१२ नं जिंकली. बेरीज ४८-४७. एका पॉइंटनं. तिथली माणसं याला टेलर फील्डचा छोटा चमत्कार म्हणतेत आणि त्या दिवसापासून लँकेस्टर त्यांचा झाला.

आणि १९६६ ची फायनल वाचताना हे लक्षात ठेवा की समोर ओटावाच होती आणि ओटावाकडून बॉल फेकत होता तोच रस जॅक्सन. व्हँकुव्हरला मॅच, अर्ध्या वेळेला १४-१४. दुसऱ्या अर्ध्यात ओटावाला एक पण पॉइंट मिळाला नाही आणि सस्कॅचवाननं २९-१४ नं पहिला कप घेतला. टचडाउन म्हणजे बॉल समोरच्याच्या टोकाच्या रेषेपलीकडं नेणं, लँकेस्टरनं असे तीन टचडाउन पास टाकले, त्यातला एक ह्यू कॅम्पबेलला, जो पुढं कोच झाला आणि १९७८ ते १९८२ एडमंटनला सलग पाच कप जिंकून दिले. पण मॅचचा मानकरी ठरला जॉर्ज रीड, त्यानं १३३ यार्ड पळून काढले. रीडबद्दल समजून घ्यायचं ते हे की तो काही चकवा देऊन साईडनं सटकणारा नव्हता, तो मधून जायचा, जिथं सगळे अंगावर येतात तिथून, आणि हे १३ सीझन केलं. १९६३ ते १९७५. एकूण १६,११६ यार्ड. पुढं माइक प्रिंगल नावाच्या खेळाडूनं यार्डाचा आकडा मागं टाकला, पण पळून केलेले १३४ टचडाउन अजून पण रीडचेच लीगमध्ये सगळ्यात जास्त आहेत. खेळताना तो प्लेयर्स असोसिएशनचा अध्यक्ष पण होता, म्हणजे मैदानावर अंगावर घ्यायचं आणि बाहेर बाकीच्यांच्या पगारासाठी भांडायचं. १ ऑक्टोबर २०२३ ला तो गेला, दुसऱ्या दिवशी ८४ वा वाढदिवस होता. मोझेक स्टेडियमच्या बाहेर त्याचा आणि लँकेस्टरचा पुतळा आहे, रिजायनात असणाऱ्यांनी मॅच नसलेल्या दिवशी जाऊन निवांत बघावा, गर्दीत नीट बघणं होत नाही.

इथंच आकडे कसे वाचायचे ते पण शिकून घ्या, कारण नवीन माणूस इथंच फसतो. लँकेस्टरचा रेकॉर्ड उघडला तर ५०,५३५ यार्ड दिसतात, भारी वाटतं, मग खाली दिसतं ३३३ टचडाउन पास आणि ३९६ इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यानं पकडलेले पास जास्त! आजचा एखादा पोरगा म्हणेल हा कसला मोठा, पण त्या काळात सगळ्याच क्वार्टरबॅकचे पास जास्त पकडले जायचे, डिफेन्सवाल्यांना रिसीव्हरला धक्काबुक्की करायची मोकळीक जास्त होती, आणि लांब पास टाकायची रीतच होती. म्हणून एका काळातला आकडा दुसऱ्या काळातल्या आकड्याशेजारी कधी ठेवायचा नाही, त्याच वर्षाच्या बाकीच्या खेळाडूंशेजारी ठेवायचा. लँकेस्टरला १९७० आणि १९७६ ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं होतं, रीडला १९६५ ला, म्हणजे त्यांच्या काळातल्या माणसांनी, ज्यांनी डोळ्यानं बघितलं, त्यांनी तो निकाल दिलेला आहे. त्या निकालाला मी आकड्यापेक्षा जास्त मानतो.

शोधताना एक अडचण हमखास येते ती आधीच सांगतो. ओटावाच्या टीमचं नाव पण रफ रायडर्सच होतं, दोन वेगळे शब्द, आणि सस्कॅचवानचं एक शब्द. १९६६, १९६९, १९७६ या तिन्ही फायनल या दोघांतच झाल्या, त्यामुळं जुन्या व्हिडिओत कोण कुठला ते कळंना होतं. हिरवा रंग बघा, आणि सर्च करताना सस्कॅचवान हा शब्द टाकाच. ओटावाची ती टीम १९९६ ला बंद पडली. आणि नुसतं कॅनडा फुटबॉल टाकलं तर पायानं खेळायचा आपला फुटबॉल येतो, ग्रे कप टाका म्हणजे बरोबर येईल.

आता खरी गोष्ट. १९७६ ची फायनल ओटावानं अगदी शेवटच्या सेकंदांत टोनी गॅब्रिएलच्या टचडाउनवर २३-२० नं जिंकली आणि त्यानंतर सस्कॅचवानचं जे बिघडलं ते बिघडलंच, १९७७ ते १९८७ सलग ११ सीझन प्लेऑफ नाही. अकरा! मध्ये क्लब बंद पडतो का काय इथपर्यंत वेळ आली, १९८७ ला टेलिथॉन म्हणजे टीव्हीवर मदत मागायचा लांबलचक कार्यक्रम करून लोकांना तिकिटं घ्यायला सांगावं लागलं. वहीत ही ११ वर्षं रिकामी सोडू नका. लोक सोडतेत, कारण तिथं कप नाही, फोटो नाही. पण माझ्या मते टीमचा सगळ्यात मोठा खेळाडू ओळखायची जागा हीच आहे, आणि तिथं उभा दिसतो रॉजर ऑल्डॅग.

ऑल्डॅग सस्कॅचवानचाच, गल लेक नावाच्या छोट्या गावचा. ४४ नंबर. ऑफेन्सिव्ह लाइनवाला, म्हणजे त्याच्या नावावर यार्ड नाहीत, टचडाउन नाहीत, सर्च केलं तर आकड्यांचा तक्ता जवळपास रिकामा दिसतो. मग त्याला मोजायचं कसं? आपल्याकडं कबड्डी बघितलेल्याला हे लगेच कळेल, रेड मारून पॉइंट आणणाऱ्याचं नाव माइकवर येतं, पण कॉर्नरला घोटा धरून बसणारा नसेल तर मॅच हातात राहत नाही. लाइनवाल्याचं तसंच आहे. त्याला बघायचं असेल तर व्हिडिओ लावा आणि बॉलकडं बघूच नका. बॉल मागं गेला की मधल्या पाच जणांवर नजर ठेवा, समोरचा सव्वाशे किलोचा माणूस अंगावर येतोय आणि हा पाय रोवून त्याला आत येऊ देत नाही, हात छातीच्या आत, कंबर खाली, छोटी छोटी पावलं मागं. दोन-तीन सेकंदाचं काम. ते झालं तर क्वार्टरबॅकला फेकायला वेळ मिळतो, नाही झालं तर तो खाली. व्हिडिओ थांबवून थांबवून चार-पाच वेळा बघा, मग कळतं की हे किती अवघड आहे आणि याला कोणी टाळी वाजवत नाही. ऑल्डॅगनं हे १७ सीझन केलं, १९७६ ते १९९२. तारखा परत बघा. तो आला तेव्हा टीम फायनलला होती, मग ती पूर्ण ११ वर्षं तो तिथंच, जिंकणाऱ्या टीमकडं गेला नाही, आणि हरणाऱ्या टीममध्ये असून १९८६ ला लीगचा सर्वोत्तम लाइनवाला ठरला, १९८८ ला परत ठरला. आणि मग १९८९ ला कप. यादी बनवताना मी याला पहिल्या तिनात ठेवतो आणि यावर मी कोणाशी पण वाद घालायला तयार आहे.

१९८९ ची फायनल पूर्ण बघा, कापलेली हायलाइट नको. युट्यूबवर जुन्या ग्रे कपच्या मॅच सापडतात. त्या सीझनला रफरायडर्सच्या ९ मॅच जिंकलेल्या आणि ९ हरलेल्या, आणि त्यांनी वेस्ट म्हणजे पश्चिमेच्या गटाच्या फायनलला एडमंटनला हरवलं, ज्यांनी त्या वर्षी १८ पैकी १६ जिंकल्या होत्या. फायनल टोरांटोला स्कायडोममध्ये, समोर हॅमिल्टन. क्वार्टरबॅक केंट ऑस्टिन, त्यानं त्या दिवशी ४७४ यार्ड पास टाकले. शेवटी शेवटी हॅमिल्टनच्या टोनी चॅम्पियननं अंग पिळवटून असा एक झेल घेतला की स्कोर ४०-४०, आणि घड्याळात ४४ सेकंद. इथून पुढं व्हिडिओ हळू करा. ऑस्टिन घाई करत नाही, एक पास, अजून एक, बॉल सरकत सरकत हॅमिल्टनच्या बाजूला येतो, आणि मैदानात येतो ३६ नंबरचा किकर डेव्ह रिजवे. हॅमिल्टननं मुद्दाम टाइमआउट घेतला, त्याला उभं ठेवून विचार करायला लावायला. बॉल धरून बसणारा ग्लेन सुइटर, जो पुढं टीव्हीवर कॉमेंटेटर झाला. ३५ यार्ड. बॉल दोन खांबांच्या मधून गेला, याला फील्ड गोल म्हणतेत, तीन पॉइंट, ४३-४०, घड्याळात २ सेकंद राहिले. २३ वर्षांनी कप. तिकडं याला नुसतं द किक म्हणतेत, वर्ष सांगायची गरज पडत नाही.

पण रिजवेला त्या एका किकवर मोठं धरू नका, मोठ्या माणसाचं अपुरं कौतुक होतं ते असंच. पुढच्याच वर्षी, १९९० ला, त्यानं एका सीझनमध्ये ५९ फील्ड गोल मारले, लीगचा विक्रम. म्हणजे ती किक नशिबानं लागलेली नव्हती, तो माणूस रोज तेच करत होता, रोबोकिकर हे नाव उगाच नाही पडलं.

त्याच टीममधले झेलणारे दोघं, रे एलगार्ड आणि डॉन नार्सिस. हे दोघं समजून घेताना पासपोर्ट बघायचा. सीएफएलमध्ये नियम आहे की प्रत्येक टीममध्ये ठरावीक संख्येनं कॅनेडियन खेळाडू असलेच पाहिजेत, मैदानावर पण. त्यामुळं अमेरिकेतून आलेल्या भारी खेळाडूंच्या बरोबरीनं खेळणारा कॅनेडियन मिळाला तर तो टीमसाठी सोन्याचा, कारण बाकीच्या जागा मोकळ्या होतात. एलगार्ड एडमंटनचा, कॅनेडियन, १३,१९८ यार्ड झेलून काढले आणि तीन वेळा लीगचा सर्वोत्तम कॅनेडियन ठरला, १९८८, १९९०, १९९२. नार्सिस टेक्सासकडचा, १९८७ ते १९९९ सगळं करिअर याच टीममध्ये, ९१९ झेल. यार्ड एलगार्डचे जास्त, झेल नार्सिसचे जास्त, मी एकाला निवडायचं झालं तर एलगार्डला घेईन, कॅनेडियन असल्यामुळं त्याची किंमत टीमला दुप्पट होती.

केंट ऑस्टिनचं प्रकरण जरा वेगळं आहे आणि त्याच्यावर तिकडं अजून पण घरोघरी वाद होतेत. कप दिला, १९९२ ला एका सीझनमध्ये सहा हजारांवर यार्ड पास टाकले, पण १९९३ नंतर त्यानं टीम सोडली, बीसी लायन्सकडं गेला आणि १९९४ ला त्यांच्याकडून कप पण जिंकला. रिजायनाच्या लोकांना हे लई लागलं. मग तोच माणूस २००७ ला कोच म्हणून परत आला आणि पहिल्याच वर्षी कप दिला. आता याला थांबलेला म्हणायचं का गेलेला? माझ्या हिशोबात खेळाडू म्हणून गेलेला, कोच म्हणून आलेला, दोन वेगळी खाती, एकत्र करायची नाहीत.

डिफेन्सवाल्यांकडं नवीन माणूस दुर्लक्ष करतो, करू नका. बॉबी ज्युरासिन, डिफेन्सिव्ह एंड म्हणजे डिफेन्सच्या रांगेत कडेला उभा राहणारा, डोक्याला रुमाल बांधून खेळायचा, क्वार्टरबॅकला बॉल हातात असताना पाडायचं त्याला सॅक म्हणतेत, ते याच्या नावावर १४२ आहेत. आणि जॉन चिक, २००९ ला लीगचा सर्वोत्तम डिफेन्स खेळाडू. चिकला टाइप वन डायबेटिस आहे, पोरवयापासून, आणि त्यानं हे कधी लपवलं नाही, इन्सुलिन सांभाळत हा अंगावर येणारा खेळ खेळला. आपल्याकडं ज्या घरात लहान लेकराला शुगर निघालीय तिथं आईबाप त्याला मैदानावर पाठवायला घाबरतेत, त्यांनी डॉक्टरला विचारून घ्यावं ते आहेच, पण चिकचं नाव त्या लेकराला जरूर सांगावं.

२००७ ची फायनल विनिपेगविरुद्ध २३-१९, तिथं मानकरी कोण ते बघा, बॉल फेकणारा नाही, पळणारा नाही, जेम्स जॉन्सन, डिफेन्समधला, ज्यानं समोरच्याचे तीन पास पकडले. त्या सीझनला लीगचा सर्वोत्तम खेळाडू क्वार्टरबॅक केरी जोसेफ होता, पण त्याला त्या एका वर्षापुरतं धरा.

२००९ बद्दल तिकडच्या माणसाशी बोलताना जपून बोला. मॉन्ट्रियलविरुद्ध फायनल, शेवटच्या किकला रफरायडर्स दोन पॉइंटनं पुढं, मॉन्ट्रियलच्या किकरनं ४३ यार्डावरून मारलेली किक हुकली, सगळे मैदानात नाचायला लागले, आणि पंचाचा झेंडा खाली पडलेला. सस्कॅचवानचे मैदानात १२ च्या ऐवजी १३ खेळाडू होते. दहा यार्ड जवळ आणून किक परत मारायला दिली आणि ती गेली, २८-२७. आणि दुखणं वाढवायला म्हणजे या टीमचे प्रेक्षक स्वतःला कित्येक वर्षांपासून तेरावा माणूस म्हणवून घेतेत.

त्या दिवशी क्वार्टरबॅक होता डॅरियन ड्युरंट, आणि म्हणूनच तो माझ्या यादीत ऑस्टिनच्या वर आहे. २००९ ला असं हरला, २०१० ला परत मॉन्ट्रियलकडूनच २१-१८ नं हरला, तरी टिकला, आणि २०१३ ला फायनल रिजायनातच होती, घरच्या मैदानावर, हॅमिल्टनला ४५-२३. त्या दिवशी ड्युरंटनं तीन टचडाउन पास टाकले, आणि मानकरी कोरी शीट्स, १९७ यार्ड पळाला, ग्रे कप फायनलचा विक्रम. सर्वोत्तम कॅनेडियन क्रिस गेट्झलाफ, जन्म रिजायनाचाच. शीट्स दोनच सीझन होता, त्यामुळं तो दिवस कितीही मोठा असला तरी त्याला रीडच्या शेजारी बसवायचं नाही.

एवढं झालं की मग टीमनं ज्यांचे नंबर कायमचे बंद केलेत ते बघा, म्हणजे ते नंबर परत कोणाला देत नाहीत. २३ लँकेस्टर, ३४ रीड, ३६ रिजवे, ४४ ऑल्डॅग. आणि अजून चार आहेत, ४०, ५५, ५६, ७३. हे चार विक्रमांसाठी नाहीत. डिसेंबर १९५६ मध्ये व्हँकुव्हरला ऑल-स्टार मॅच खेळून परत येताना विमान डोंगराला धडकलं, माउंट स्लेसी, ६२ माणसं गेली, कोणी वाचलं नाही. त्यात मेल बेकेट, मारिओ डिमार्को, रे सिरनिक आणि गॉर्डन स्टर्टरिज हे चौघं होते. स्टर्टरिजची बायको पण त्याच विमानात होती. यादी बनवताना हे चौघं विक्रमात बसत नाहीत म्हणून गाळू नका, वेगळं पान करा.

आता तुमची यादी लिहा. दहाच नावं, आणि एक बंधन घालून घ्या, कमीत कमी दोघं लाइनवाले आणि दोघं डिफेन्सवाले असलेच पाहिजेत, नाहीतर यादी नुसती क्वार्टरबॅक आणि रिसीव्हरची होते. दुसरा लाइनवाला हवा असेल तर जीन माकोव्स्की बघा, १९९५ ते २०११, २००४ आणि २००५ ला लीगचा सर्वोत्तम, आणि पुढं आमदार झाला. प्रत्येक नावासमोर एकच ओळ लिहा, तो या टीममध्ये किती वर्षं होता आणि टीम हरत असताना काय करत होता. ही ओळ लिहिता आली नाही तर त्या खेळाडूवर अजून वाचायचं बाकी आहे असं समजा. २०२५ ला मॉन्ट्रियलला २५-१७ हरवून पाचवा कप आला, ३९ वर्षांचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर हॅरिस मानकरी ठरला, पण या टीममधलं नाव लगेच दहात घालायची घाई करू नका, पेन्सिलनं लिहून ठेवा, अजून पाच-सात वर्षं जाऊ द्या.

आणि मॅच लाइव्ह बघायची असेल तर वेळ सोपी आहे. सस्कॅचवान वर्षभर घड्याळ बदलत नाही, आपण कायम साडेअकरा तास पुढं. तिकडं शुक्रवारी संध्याकाळी सातला मॅच असेल तर आपल्याकडं शनिवारी सकाळी साडेसहा, चहाच्या वेळेला. बाकीच्या शहरातली मॅच असेल तर उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ बदललेलं असतं, त्यामुळं आधी बघून घ्या. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिकडं लेबर डे म्हणजे कामगार दिन असतो, त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, रिजायनाला विनिपेगबरोबर मॅच असते, वर्षातली सगळ्यात खुन्नसची, आपल्याकडं तेव्हा सोमवारची पहाट होते. पहिली मॅच बघायची तर तीच बघा, कलिंगड पोखरून त्याचं हेल्मेट डोक्यात घातलेली माणसं दिसतील, आणि खेळ सुरू झाला की पहिले दहा मिनिटं बॉल सोडून नुसती लाइन बघा.